तलावावर जायच्या आधी: डीओ मीटरचं कॅलिब्रेशन

डीओ मीटर म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारं यंत्र. ते पहिल्यांदा हातात आलं की बहुतेक जण एकच करतात. बटण दाबतात, प्रोब (तारेच्या टोकाचा मोजणारा दांडा) पाण्यात सोडतात आणि स्क्रीनवर येईल तो आकडा वहीत उतरवतात. मीही तेच केलं होतं. भंडारा जिल्ह्यातला एक मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना तलाव), मे महिना, पहाटे साडेपाच. मीटरने ६.८ दाखवलं, मी लिहिलं. शेजारी डोंगा सोडणारे एक ढीवर काका वहीत डोकावून म्हणाले, "बाबू, मासे तं वरते येऊन तोंड वासून रायले, अन् तुयी मशीन म्हणते पानी चांगलं हाय?" मान वर करून बघितलं तर खरंच, शिंगाड्याच्या वेलांच्या कडेने रोहू-कटल्याची तोंडं पाण्याबाहेर उघडझाप करत होती. घरी येऊन प्रोबची टोपी काढली. मेम्ब्रेनखाली, म्हणजे प्रोबच्या तोंडावरच्या पातळ पडद्याखाली, हवेचा बुडबुडा आणि शेवटचं कॅलिब्रेशन, म्हणजे मीटर माहीत असलेल्या मापाशी जुळवून घेणं, कधी केलं ते मलाच आठवेना. दुसऱ्या पहाटे, मीटर नीट लावून, त्याच जागी आकडा आला २.१.

तेव्हापासून आमच्याकडे पाणी तपासायला शिकायला येणाऱ्या पोरांना मी आधी तलाव दाखवत नाही. ओट्यावर बसवून कॅलिब्रेशन करून घेतो.

मीटरला नेमकं काय कळतं

डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. आपण तो मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये लिहितो, पण प्रोबला मिलिग्रॅम कळत नाहीत. त्याला कळतो फक्त ऑक्सिजनचा दाब, म्हणजे मेम्ब्रेनवर ऑक्सिजन किती जोराने येऊन भिडतोय ते. पुढचा हिशेब मीटर स्वतः करतं: पाणी किती गरम, हवेचा दाब किती, पाण्यात मीठ किती. या तिन्हींतलं एक जरी चुकलं तरी प्रोब उत्तम असूनही वहीतला आकडा चुकतो.

ओलसर हवेत कॅलिब्रेशन होतं ते याच कारणाने. हवेत ऑक्सिजन जवळजवळ २१ टक्के असतो, तुमच्या गावात तेवढाच आणि दुसऱ्याच्या गावातही तेवढाच. बाष्पाने भरलेल्या हवेत आणि हवेशी पूर्ण समतोल साधलेल्या पाण्यात ऑक्सिजनचा दाब सारखा असतो. म्हणून प्रोबला ओलसर हवा दाखवून आपण मीटरला सांगतो, बाबा रे, हे शंभर टक्के. पुढचं सगळं याच्याशी ताडून सांग.

तुमचा प्रोब कोणत्या जातीचा

बाजारात तीन प्रकार दिसतात. पोलरोग्राफिक प्रोबमध्ये सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा कॅथोड, चांदीचा अ‍ॅनोड, वर पातळ मेम्ब्रेन आणि आत इलेक्ट्रोलाइटचं द्रावण असतं. अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी १९५६ साली हा प्रकार मांडला, अजूनही चालतोय. मीटर सुरू केल्यावर याला १० ते १५ मिनिटं तापू द्यावं लागतं. सुरू करून लगेच कॅलिब्रेशनचं बटण दाबणं ही नवख्यांची सगळ्यात जास्त दिसणारी चूक. गॅल्व्हॅनिक प्रोबला तापायला वेळ लागत नाही, पण तो मीटर बंद असतानाही आतल्या आत झिजत राहतो. तिसरा ऑप्टिकल. त्यात इलेक्ट्रोलाइट नाही, निळा प्रकाश पडल्यावर चमकणारी एक टोपी असते आणि ऑक्सिजन जितका जास्त तितकी ती चमक लवकर विझते. महाग असतो, पण निभावून नेतो. टोपी मात्र दीड-दोन वर्षांत बदलावी लागते.

पहिले दोन प्रोब मोजता मोजता थोडा ऑक्सिजन स्वतःच खातात. म्हणून तलावात त्यांना सावकाश हलवत ठेवावं लागतं. स्थिर धरलात तर मेम्ब्रेनजवळचा ऑक्सिजन संपतो आणि आकडा खाली घसरत जातो. ऑप्टिकलला ही खोड नाही.

माझं मत विचाराल तर खेड्यात काम करणाऱ्यांनी पैसे जमले तर ऑप्टिकल घ्यावा. पण शिकावं पोलरोग्राफिकवर. तो रुसतो कशाने हे कळलं की बाकीचे सोपे वाटतात.

आधी दाबाचा आकडा

मीटरमध्येच बॅरोमीटर असेल तर हा भाग वरवर वाचलात तरी चालेल. नसेल तर हवेचा दाब तुम्हाला भरावा लागतो आणि इथे जवळपास प्रत्येक जण फसतो. मोबाइलच्या हवामान अ‍ॅपमध्ये दिसणारा दाब तुमच्या गावचा नसतो. तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. भंडारा समुद्रसपाटीपासून साधारण २५० मीटर उंच, नागपूर ३१०. आपल्या सपाट भागात दर १०० मीटर उंचीला पाऱ्याचे सुमारे ९ मिलिमीटर कमी धरायचे.

उदाहरणच घेऊ. अ‍ॅप सांगतंय १००४ हेक्टोपास्कल. त्याला ०.७५ ने गुणा, आले ७५३ मिलिमीटर. भंडाऱ्याची उंची २५० मीटर, म्हणजे २२ वजा करा. उरले ७३१. हा तुमचा आकडा. तसंच ७५३ भरलंत तर त्यापुढची प्रत्येक नोंद तीन टक्क्यांनी फुगते. सातच्या आसपास तो फरक ०.२ चा, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण वर्षभराच्या नोंदी लावायला बसलात की तोच फरक डोकं खातो.

मेळघाटात जाणाऱ्यांनी जास्त जपायचं. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे. तिथे २० अंशाच्या स्वच्छ झऱ्यातसुद्धा डीओ ८ च्या वर फारसा जात नाही, समुद्रसपाटीला तोच ९.०९ असतो. पाणी वाईट नाही, हवाच विरळ आहे.

ओलसर हवेतलं कॅलिब्रेशन, सावकाश

जागा आधी निवडा. तलावाची पाळ नको, गाडीची सीट नको. मी माठाजवळ करतो. घरात तेवढी एकच जागा दिवसभर सावलीत आणि बऱ्यापैकी एका तापमानाला असते. विदर्भातल्या उन्हाळ्यात हा मुद्दा सगळ्यात मोठा. बाहेर ४४ अंश असताना उन्हात धरलेल्या प्रोबचं धातूचं अंग एका तापमानाला असतं, मेम्ब्रेन दुसऱ्या आणि आतली हवा तिसऱ्या. मीटर त्यातलं एकच बघतं आणि त्यावर हिशेब करतं. एकदा दोन पोरांनी एकाच तलावातून, हातभर अंतरावरून, ५.१ आणि ६.० आणले. मीटर एकच, अदलाबदलीने वापरलेलं. एकाने कॅलिब्रेशन ओट्यावर केलं होतं, दुसऱ्याने पाळीवर, टोपी डोक्याला आणि प्रोब उन्हाला.

मग प्रोब बघा. मेम्ब्रेन उजेडाकडे धरा. सुरकुती, भोक, चिकटलेलं शेवाळ, खालचा बुडबुडा, यातलं काहीही दिसलं तर थांबा आणि आधी ते दुरुस्त करा. मेम्ब्रेनवर पाण्याचा थेंब असेल तर टिश्यू पेपरच्या टोकाने अलगद टिपून घ्या. पुसू नका. तो एक थेंबही हवेतला आकडा बिघडवतो.

मीटरसोबत कॅलिब्रेशनची टोपी किंवा नळी आली असेल तर आतला स्पंज ओला करून घट्ट पिळा. नसेल तर रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी घ्या, तळाला बोटभर पाणी घाला, झाकणाला प्रोब जाईल एवढं भोक पाडा. प्रोबचं टोक पाण्याच्या वर, पाण्याला न लागता लोंबकळायला हवं. झाकण सैलसर ठेवा. घट्ट आवळलंत तर आतल्या हवेचा दाब वाढतो आणि आपण ज्या दाबाचा हिशेब केला तोच मोडतो.

काही जण बरणीऐवजी प्रोबला ओलं फडकं गुंडाळतात. पावसाळ्यात एक वेळ चालून जाईल. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की फडकं माठासारखंच गार पडतं. प्रोबचा तापमापक गारठतो, मेम्ब्रेन मात्र तेवढं गार होत नाही. गेलं कॅलिब्रेशन.

आता बसा. १० ते १५ मिनिटं. तापमान बघत राहा, दोन-तीन मिनिटं ते ०.१ अंशापलीकडे हललं नाही की समजायचं आत सगळं एकजीव झालं. चहा टाकायला हीच वेळ.

आणि बटण दाबायच्या आधी, स्क्रीनवर जो आकडा आहे तो लिहून ठेवा. माझ्या लेखी अख्ख्या कामातली सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच. मीटर आपणहून ९८ किंवा १०२ दाखवत असेल तर ते कालपर्यंतही ठीक होतं, कालच्या नोंदी विश्वासाच्या. ८० किंवा १२० दाखवत असेल तर बटण दाबू नका. दाबलंत तर मीटर मुकाट्याने शंभरवर येईल आणि बिघाड झाकला जाईल. आधी मेम्ब्रेन, इलेक्ट्रोलाइट, दाबाचा भरलेला आकडा, बॅटरी, हे सगळं तपासा. माझी ती ६.८ ची पहाट अशाच आंधळ्या विश्वासातून आली होती.

सगळं नीट असेल तर बटण दाबा. काही मीटर १०० दाखवतील. काही ९६ किंवा ९७ वर थांबतील आणि नवा माणूस घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबत बसेल. घाबरू नका. ती मीटरं टक्केवारी समुद्रसपाटीच्या दाबाशी मोजतात. ७३१ भागिले ७६० करून बघा, ९६ टक्केच येतं. आपलं मीटर कोणत्या पद्धतीचं ते त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. एकदा बघून मीटरच्या पाठीवर चिकटपट्टीने लिहून टाका.

शेवटी पडताळा घ्या. बादलीत साधं पाणी घेऊन दोन भांड्यांत उंचावरून दहा-पंधरा मिनिटं ओतत राहा, चहा गार करतो तसं. थोडं थांबून त्यात प्रोब हलवत धरा. गोड्या पाण्यात समुद्रसपाटीला २० अंशाला ९.०९, २५ ला ८.२६, ३० ला ७.५६ आणि ३५ ला ६.९५ मिलिग्रॅम एवढाच ऑक्सिजन मावतो. भंडाऱ्यासारख्या उंचीवर यातले तीन टक्के कमी करा, म्हणजे ३० अंशाला साधारण ७.३. तुमचा आकडा याच्या दोन-तीन दशांशांत बसला की काम झालं. विहिरीतून नुकतं काढलेलं पाणी यासाठी घेऊ नका. जमिनीतल्या पाण्यात ऑक्सिजन बऱ्याचदा कमी असतो, तुम्ही मीटरलाच दोष देत बसाल.

शून्य बघणं

हे रोज लागत नाही. महिन्यातून एकदा, किंवा मेम्ब्रेन बदलल्यावर. पण मरतुकीच्या काळात तलावात आकडे १ आणि २ च्या खाली जातात आणि नेमका तिथेच न तपासलेला मीटर खोटं बोलतो. प्रोबला शंभर ओळखता येतं म्हणून शून्य येतंच असं नाही.

१०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम सोडियम सल्फाइट विरघळवा. ते पाण्यातला ऑक्सिजन खाऊन स्वतः सल्फेट होतं. प्रोब बुडवा आणि बुडबुडा अडकला नाही ना ते बघा. पाच-दहा मिनिटांत आकडा ०.१-०.२ पर्यंत उतरायला हवा. कुठे तरी अर्ध्यावर अडकला तर आधी प्रोब नाही, पुडी तपासा. मला एकदा शहरातल्या एका दुकानातून सल्फाइटऐवजी सल्फेट मिळालं होतं. दोन्ही पांढरी भुकटी, नावात एका अक्षराचा फरक. मी अर्धा दिवस मेम्ब्रेन बदलत बसलो. सल्फाइटची बाटली फार दिवस उघडी राहिली तरी हवा लागून तेच होतं. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा आणि झाकण घट्ट लावा. काही पुस्तिकांत चिमूटभर कोबाल्ट क्लोराइड घालायला सांगतात, त्याने क्रिया झटपट होते. ते विषारी आहे, गावात बाळगू नका. थोडं थांबलात तर त्याच्यावाचून काही अडत नाही.

काम झाल्यावर प्रोब साध्या पाण्याने तीन-चार वेळा खळखळून धुवा. सल्फाइटचा अंश राहिला तर तो पुढच्या तलावाचाही ऑक्सिजन खाईल. उरलेलं द्रावण तलावात ओतू नका, हे सांगावं लागू नये, पण सांगतो.

मेम्ब्रेन बदलताना

नव्या टोपीत इलेक्ट्रोलाइट काठोकाठ भरा. नखाने दोन-तीन टिचक्या मारा, बुडबुडे वर येऊन फुटतील. प्रोब उभा धरून टोपी हळूहळू फिरवत बसवा, थोडं द्रावण बाहेर सांडलंच पाहिजे. सांडलं नाही तर आत हवा राहिली समजा. काही कंपन्यांचं द्रावण दाहक असतं, हात लगेच धुवा. बदलल्या बदलल्या कॅलिब्रेशन नको. तासभर तरी बसू द्या. मी शक्यतो रात्री बदलतो आणि सकाळी कॅलिब्रेशन करतो.

खारं पाणी

मामा तलावांवर काम करणाऱ्यांनी क्षारतेचा आकडा शून्य ठेवला तरी चालतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात थोडा विचार करावा लागतो. पाण्यात लिटरला १० ग्रॅम क्षार असले तर ऑक्सिजन साडेपाच-सहा टक्क्यांनी कमी मावतो. तिथल्या विहिरींत क्षार याहून बरेच कमी असतात, म्हणून फरक एक-दोन टक्क्यांचा. लोणारच्या सरोवराची गोष्ट निराळी. तिथे क्षारता मोजून मीटरमध्ये भरल्याशिवाय मिलिग्रॅमचा आकडा लिहूच नये. कॅलिब्रेशन मात्र तिथेही हवेतच करायचं, त्यात मिठाचा संबंध येत नाही.

मीटरवरही पहारा

जवळच्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असेल तर वर्षातून दोनदा विंकलर पद्धतीने ताडून घ्या. लायोश विंकलर या हंगेरीच्या रसायनतज्ज्ञाने १८८८ मध्ये दिलेली ही पद्धत आजही कोर्टात उभी राहील इतकी पक्की आहे. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत बुडबुडा न येऊ देता नमुना भरायचा, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ बसतो. पांढरा बसला तर पाण्यात ऑक्सिजनच नाही. मग आम्ल घालून गाळ विरघळवायचा आणि थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं, म्हणजे ते थेंब थेंब घालत किती लागलं ते मोजायचं. रंग फिका पिवळा झाला की स्टार्च घालायचं, निळा झालेला रंग एका थेंबात उडतो. २०० मिलिलिटर नमुन्याला ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट जितके मिलिलिटर लागलं, तितके मिलिग्रॅम डीओ. त्याच बादलीत मीटरचा आकडा घ्या आणि शेजारी लिहा.

आकडा विचित्र आला तर

दुपारी तीनला हिरव्यागार तलावात मीटरने १२ किंवा १५० टक्के दाखवलं तर पळत जाऊन पुन्हा कॅलिब्रेशन करू नका. शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, तेव्हा पाणी शंभराच्या वर जातं. त्याच तलावात पहाटे ते २ वर येतं, कारण रात्रभर तेच शेवाळ श्वास घेतं. म्हणून माशांचा प्रश्न असेल तर मोजणी सूर्य उगवायच्या आत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यपालनासाठी किमान ४ आणि आंघोळीच्या पाण्यासाठी किमान ५ मिलिग्रॅम धरतात. दुपारचा १२ बघून तलाव पास करणारे अहवाल मी बघितलेत. एक मात्र ध्यानात ठेवा, मरळ आणि मागूर हवेतून श्वास घेतात. ते वर आले म्हणजे ऑक्सिजन संपला असं नाही. रोहू-कटला वर आले तर मात्र संपत आलाय.

आकडा सारखा नाचत असेल तर मेम्ब्रेन किंवा तारेचा जोड बघा. हळूहळू खालीच जात असेल तर तुम्ही प्रोब हलवायचं विसरलात. गाळात प्रोब रुतून काळा झाला आणि कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड. तो चांदीच्या अ‍ॅनोडला लागतो. धुऊन घ्या आणि त्या दिवशीच्या पुढच्या नोंदींपूर्वी ओलसर हवेत पुन्हा बघा.

पोलरोग्राफिक आणि गॅल्व्हॅनिक प्रोबचं कॅलिब्रेशन रोज, निघायच्या आधी. ऑप्टिकलचं आठवड्यातून एकदा पुरतं, पण हवेतला आकडा रोज बघायचा. संध्याकाळी परत आल्यावर प्रोब पुन्हा त्याच बरणीत टांगायचा आणि बटण न दाबता आकडा लिहायचा. सकाळचे १०० संध्याकाळी ९५ झाले असतील तर त्या दिवसाच्या नोंदींपुढे खूण करा. वहीत माझे रकाने असे आहेत: तारीख, वेळ, तापमान, दाब, कॅलिब्रेशनपूर्वीचा आकडा, नंतरचा आकडा, संध्याकाळचा आकडा आणि शेवटी शेरा. शेऱ्यात मेम्ब्रेन बदलल्याची तारीख येते. एकदा तिथे "प्रोब बकरीने चाटला" असंही लिहिलंय.

प्रोब ठेवताना टोपीतला स्पंज ओलसर हवा, पाण्यात बुडलेला नको. आणि मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवू नका. मे महिन्यात दुपारभर तिथे राहिलेल्या प्रोबचं मेम्ब्रेन संध्याकाळी वाळल्या पापडासारखं सुरकुतलेलं मिळतं.